सात रंग टाकले म्हणजे इंद्रधनुष्य होत नाही

पोस्टरवर, कपड्यावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर बरेच भडक रंग एकत्र दिसले की आपण सहज म्हणतो, इंद्रधनुष्यासारखं आहे. नीट पाहिलं तर यातल्या बऱ्याच गोष्टी नुसत्या रंगीबेरंगी असतात. गूगलच्या नावातली अक्षरं पाहा: निळं, लाल, पिवळं, पुन्हा निळं, हिरवं, लाल. चारही रंग चमकदार आहेत, तरी ते नाव पाहून कोणाला इंद्रधनुष्य आठवत नाही. आता ॲपलचं १९७७ चं चिन्ह डोळ्यांसमोर आणा. सफरचंदावर सहा आडवे पट्टे, वरून खाली हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, निळा. शाळेत पाठ केलेल्या 'तानापिहिनिपाजा'शी हा क्रम जुळत नाही. तरीही पाहणारा त्याला बिनदिक्कत इंद्रधनुष्यी म्हणतो.

हे का घडतं ते कळलं, की इंद्रधनुष्यी शैलीचं बरंचसं मर्म हाती लागतं. रंग किती आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने एकमेकांशेजारी बसले आहेत, यावर इथे सगळं अवलंबून असतं.

न्यूटनने १६६० च्या दशकात प्रिझममधून सूर्यप्रकाश पाठवून रंगांची पट्टी मिळवली, हे आपल्याला माहीत असतं. त्याने पुढे केलेली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने ही सरळ पट्टी वाकवून तिचं वर्तुळ केलं आणि तांबडा व जांभळा हे दोन टोकांचे रंग शेजारी आणून बसवले. प्रकाशाच्या दृष्टीने ते शेजारी नाहीतच. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटरच्या आसपास, तर जांभळ्याची ४०० च्या आसपास. पण डोळ्याला ते जवळचे वाटतात, आणि त्यांच्यामधली जागा किरमिजी-गुलाबी रंग भरून काढतो, ज्याला छपाईवाले मॅजेंटा म्हणतात. हा रंग प्रिझमच्या पट्टीत कुठेच नाही. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. लांब आणि आखूड तरंगलांबीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकदम चेतवल्या गेल्या आणि मधल्या तुलनेने शांत राहिल्या, की मेंदू त्या अनुभवाला मॅजेंटा हे रूप देतो. म्हणजे रंगचक्राचं वर्तुळ आपल्या डोळ्यांनी आणि मेंदूने पूर्ण केलेलं आहे.

आता ते सफरचंद पुन्हा पाहा. चिन्हाचे रचनाकार रॉब जॅनॉफ यांनी हिरवा सगळ्यात वर ठेवला, कारण पान वर होतं. तिथून खालचे रंग रंगचक्रावर एकाच दिशेने सरकत गेले आहेत. सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली, पण शेजार कुठेही तुटला नाही. डोळा रंगचक्रावरची ही सलग वाटचाल ओळखतो. गूगलच्या अक्षरांमध्ये मात्र दर अक्षराला लांब उडी आहे, त्यामुळे तिथे फक्त खेळकर रंगीतपणा जाणवतो. तोही सुंदर आहे, पण ती वेगळी शैली आहे.

मग रंग नेमके किती घ्यायचे? सात हा आकडा आपल्या डोक्यात पक्का बसला आहे, पण निसर्गात तो कुठे लिहून ठेवलेला नाही. पट्टी सलग आहे, तिच्यात रेघा नाहीत. न्यूटननेही आधी पाच मुख्य रंग मोजले होते. संगीताच्या सप्तकातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून त्याने पुढे नारिंगी आणि पारवा त्यात घेतले. रचनाकारांनी वापरता वापरता या सातांचे सहा करून टाकलेले दिसतात. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने रंगीत प्रक्षेपणाची जाहिरात करण्यासाठी १९५६ मध्ये मोराचं चिन्ह आणलं, तेव्हा त्याला अकरा पिसं होती. १९८६ मध्ये ती सहा झाली. गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार केलेला प्राइड ध्वज, म्हणजे समलैंगिक समुदायाचा अभिमानाचा ध्वज, आठ पट्ट्यांचा होता. तिथेही वर्षभरात सहा उरले. गडद गुलाबी गेला तो त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना म्हणून, आणि निळसर हिरवा गेला तो पट्ट्यांची संख्या सम हवी होती म्हणून. कारणं व्यवहारातली होती, पण सहा टिकले याला डोळ्याचंही कारण आहे. निळा, पारवा आणि जांभळा छोट्या आकारात किंवा लांबून पाहिले तर एकमेकांत मिसळतात. पारवा काढला की उरलेले सहाही ठळक दिसतात.

या ध्वजाबद्दल एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. बेकर यांनी प्रत्येक पट्ट्याला अर्थ दिला होता: तांबडा म्हणजे जीवन, नारिंगी म्हणजे जखम भरून येणं, पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश, हिरवा म्हणजे निसर्ग. लपून जगावं लागलेल्या लोकांनी उघडपणे फडकवण्यासाठी तो शिवला होता. त्यामुळे आडवे सहा पट्टे, वर तांबडा आणि खाली जांभळा ही मांडणी आज निव्वळ सजावट राहिलेली नाही. ती वापरताना आपण काहीतरी म्हणत आहोत याचं भान ठेवावं. नुसती सजावट हवी असेल तर कमान, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू सरकणारी छटा), वेगळी सुरुवात असे पुष्कळ मार्ग मोकळे आहेत.

आकाशातलं खरं इंद्रधनुष्य या सगळ्यापेक्षा पुष्कळ फिकं असतं. सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्या डोक्याच्या सावलीपासून साधारण ४२ अंशांवर ते दिसतं. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे प्रत्येक रंगाची कमान शेजारच्या कमानीवर थोडी चढते. शिवाय मागच्या ढगांचा पांढुरका उजेड सगळ्यांत मिसळतो. म्हणून आकाशात दिसतो तो रंग धुतल्यासारखा आणि कडा विरघळलेल्या असतात. ज्याला आपण पेस्टल, म्हणजे फिकट दुधाळ रंगांचं, इंद्रधनुष्य म्हणतो ते लहान मुलांच्या खोलीपुरतं गोड वाटत असलं, तरी आकाशाशी तेच जास्त प्रामाणिक आहे. चित्र काढणाऱ्यांसाठी आणखी दोन बारकावे आहेत. मुख्य कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ असतं. आणि ५१ अंशांच्या आसपास दुसरी कमान दिसली, तर तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो, तांबडा आत आणि जांभळा बाहेर. दुहेरी इंद्रधनुष्याच्या चित्रांत हे बऱ्याचदा चुकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. रंगाचे तीन गुण असतात: तो रंगचक्रावर कुठे आहे, किती भडक आहे आणि किती उजळ आहे. इंद्रधनुष्य काढताना आपण पहिल्या गुणाकडे पाहतो, दुसरा शेवटपर्यंत चढवतो आणि तिसरा विसरतो. मग अडचणी सुरू होतात, कारण सगळे भडक रंग सारखे उजळ नसतात. पडद्यावरच्या पांढऱ्याचा उजळपणा १०० धरला, तर शुद्ध पिवळ्याचा जवळजवळ ९३ भरतो आणि शुद्ध निळ्याचा जेमतेम ७. इतकी तफावत असताना रंग निवडण्याच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये या दोघांच्या लाइटनेसपुढे एकच आकडा दिसतो, पन्नास टक्के. तो आकडा लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांच्या गणितातून आलेला असतो, डोळ्याच्या अनुभवातून नाही.

याचा परिणाम थेट दिसतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर इंद्रधनुष्यी अक्षरं काढली की पिवळं अक्षर गायब होतं. पांढऱ्याशी त्याची तफावत १.०७ ला १ इतकीच असते, आणि वाचायच्या साध्या मजकुरासाठी वेब सुलभतेच्या, म्हणजे संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या, नियमांत किमान ४.५ ला १ मागितलेली आहे. निळं अक्षर त्याच पांढऱ्यावर ८.६ ला १ मिळवून ठसठशीत उभं राहतं. काळ्या पार्श्वभूमीवर उलटं होतं: पिवळा झळाळतो आणि निळा अंधारात बुडतो. म्हणून भडक इंद्रधनुष्यात अक्षरं रंगवणं मी तरी टाळतो. रंग मागे असू द्यावा आणि अक्षर एकाच रंगाचं. त्यातही काळं की पांढरं, हे पिवळ्या भागापाशी तपासून ठरवावं, कारण पांढरं अक्षर तिथेच पहिलं हरवतं.

या असमान उजळपणाशी दोन प्रकारे वागता येतं आणि त्यातून दोन वेगळ्या शैली तयार होतात. एकीत तो चढउतार तसाच राहू द्यायचा. तांबड्यापासून उजळपणा चढत पिवळ्यापाशी शिखर गाठतो आणि मग हिरव्यावरून निळ्या-जांभळ्याकडे उतरतो. या लाटेमुळेच भडक इंद्रधनुष्यात जिवंतपणा वाटतो. पोस्टर, ध्वज, खेळणी, उत्सवाची सजावट यांना ही लाट शोभते. दुसऱ्या शैलीत सगळ्या रंगांचा उजळपणा एका पातळीवर आणायचा. अमेरिकेतले चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मुन्सेल यांनी १९०५ मध्येच रंगांची अशी मांडणी पुढे आणली होती, ज्यात उजळपणा डोळ्याच्या अंदाजाने मोजलेला होता. आज हेच काम संगणकावर ओकेलॅबसारख्या पद्धती करतात. ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२० मध्ये ओकेलॅब मांडली आणि आता वेब ब्राउझरमध्येही ती वापरता येते. असं समतल इंद्रधनुष्य शांत दिसतं, कोणताही रंग पुढे येऊन ओरडत नाही. त्याची किंमत मात्र पिवळ्याला मोजावी लागते. मधल्या उजळपणावर आणलेला पिवळा मोहरीसारखा किंवा शेवाळी होतो. कॅलेंडरमधल्या नोंदी, फायलींची लेबलं, तक्त्यातले गट अशा ठिकाणी मला हाच प्रकार योग्य वाटतो, कारण तिथे एका गटाने दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचं दिसता कामा नये.

ग्रेडियंटमध्ये आणखी एक अडचण दडलेली असते. निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा ग्रेडियंट साध्या पद्धतीने काढला, तर बरोबर मध्यावर राखाडी रंग येतो. लाल ते हिरवा काढला तर मध्ये मातकट शेवाळी पट्टा पडतो. संगणक दोन टोकांच्या आकड्यांची सरासरी काढतो, म्हणजे रंगचक्राच्या आतून सरळ रेषेत जातो, आणि चक्राच्या मध्यभागी सगळे रंग विझलेले असतात. उपाय सोपा आहे. चक्राच्या कडेकडेने जायचं. निळा, मग निळसर हिरवा, हिरवा, पोपटी, पिवळा असे थांबे मध्ये टाकले की ग्रेडियंट स्वच्छ राहतो. एखादं काम मळकट दिसतंय पण का ते कळत नाही, असं झालं की मी आधी ग्रेडियंटचा मध्य पाहतो.

कागदावर आणि कापडावर हे रंग सर्वांच्या हाती आले ते तुलनेने अलीकडे. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत, डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून अपघाताने जांभळा रंग सापडला. त्याआधी पक्का जांभळा महाग होता. कृत्रिम रंगांचा कारखानदारी काळ सुरू झाल्यावर चक्रावरचे सगळे भडक रंग स्वस्त झाले, आणि मगच 'सगळे रंग एकदम' ही सर्वसामान्यांच्या वापरातली शैली होऊ शकली. छपाईत तर एक देखणी युक्ती आहे. यंत्राच्या शाईच्या कुंडात वेगवेगळ्या शाया शेजारी शेजारी ओततात आणि रूळ फिरता फिरता त्या कडांना मिसळू देतात. एकाच फेरीत पूर्ण ग्रेडियंट छापला जातो आणि प्रत्येक प्रत थोडी वेगळी निघते. १९६० च्या दशकातल्या संगीत कार्यक्रमांच्या पोस्टरांमध्ये ही युक्ती खूप वापरली गेली. नेहमीच्या चार शायांच्या छपाईत मात्र पडद्यावरचा झगमगता हिरवा, निळा आणि जांभळा उतरत नाही. ते रंग त्या शायांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. छापायचं असेल तर आधीच थोडा मवाळ रंगसंच निवडलेला बरा.

होलोग्राफिक किंवा मोतिया चमक असलेल्या शैलीलाही लोक इंद्रधनुष्यीच म्हणतात, पण तिची घडण निराळी आहे. साबणाच्या फुग्यावर दिसणारे रंग पाण्याच्या पातळ थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाच्या खेळातून येतात. थराच्या जाडीप्रमाणे पांढऱ्या प्रकाशातली एखादी तरंगलांबी वजा होते आणि उरलेलं आपल्याला दिसतं. म्हणून फुग्यावर मॅजेंटा, निळसर हिरवा आणि पिवळा जास्त आढळतात, शुद्ध तांबडा फार कमी. सीडीच्या मागच्या बाजूचे रंग १.६ मायक्रोमीटर अंतरावरच्या सूक्ष्म रेषांमुळे प्रकाश विखुरल्याने येतात आणि ते खऱ्या प्रिझमसारखे पूर्ण पट्टी दाखवतात. कोणी साबणफुग्याचा आभास हवा म्हणून तांबडा-नारिंगी-पिवळा-हिरवा असा साधा क्रम वापरला, तर ते चित्र कधीच ओलं किंवा काचेसारखं वाटत नाही. त्यासाठी गुलाबी आणि फिरोजी यांची जोडी, भडकपणा कमी आणि मधून मधून जवळजवळ पांढरे भाग लागतात. शिवाय पाहण्याचा कोन बदलला की रंग हलला पाहिजे, नाहीतर ती चमक मेलेली दिसते.

जिथे हे रंग मोहक असूनही नुकसान करतात, अशी जागा म्हणजे आकडे दाखवणारे नकाशे आणि आलेख. तापमान, पाऊस, दाब, शरीरातली तपासणी यांची चित्रं वर्षानुवर्षं इंद्रधनुष्यी पट्टीत, म्हणजे कमी आकड्याला निळा आणि जास्त आकड्याला तांबडा अशा क्रमाने, रंगवली गेली. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये 'जेट' नावाची अशी पट्टी २०१४ पर्यंत आपोआप लागू व्हायची. अडचण पुन्हा उजळपणाचीच. आकडे संथपणे वाढत असतात, पण पट्टीत पिवळा आणि फिरोजी हे उजळ पट्टे मध्येच येतात, आणि डोळ्याला तिथे सीमारेषा भासते, जी प्रत्यक्षात नसते. उलट हिरव्याच्या लांब पट्ट्यात खरे फरक बुडून जातात. शिवाय हिरवा मोठा की निळा मोठा, याला डोळ्याकडे उपजत उत्तर नाही. गडद आणि फिकट यांचा क्रम मात्र कोणालाही न शिकवता लागतो. २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयाच्या धमन्यांची चित्रं डॉक्टरांना दाखवून पाहिली, तेव्हा इंद्रधनुष्यी पट्टीऐवजी काळ्या-लाल रंगांची पट्टी वापरल्यावर धोक्याच्या जागा ओळखण्यातल्या चुका कमी झाल्या. सौंदर्याचा प्रश्न एका झटक्यात रुग्णाच्या जिवापर्यंत जातो, तो असा. आलेख काढण्याच्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये 'विरिडिस' ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे सतत उजळत जाणारी पट्टी स्वीकारली. ज्यांना इंद्रधनुष्याचं रूप हवंच आहे त्यांच्यासाठी गूगलमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'टर्बो' आणली. तिच्यात कृत्रिम कडा पुष्कळ कमी आहेत.

लाल आणि हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांचाही इथे विचार हवा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण ८ टक्के आहे, इतर ठिकाणी काहीसं कमी. त्यांच्यासाठी सहा पट्ट्यांपैकी काही पट्टे एकच होऊन जातात. सजावटीत त्याने बिघडत नाही. पण अर्थ फक्त रंगावर टांगलेला असेल तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सोपी चाचणी म्हणजे चित्र कृष्णधवल करून पाहणं. तिथेही भाग वेगळे ओळखता आले तर रचना सर्वांसाठी उभी राहते.

चांगल्या इंद्रधनुष्यी कामात रिकामी किंवा तटस्थ जागा नेहमी भरपूर सापडते. गॉथिक चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांत प्रत्येक तुकड्याभोवती शिशाची काळी पट्टी असते. ती काच धरून ठेवते, पण शेजारच्या दोन भडक रंगांना एकमेकांत मिसळण्यापासूनही वाचवते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये सविस्तर दाखवून दिलं की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचं रूप बदलतात. लाल आणि हिरवा अगदी चिकटून ठेवले की सीमेवर डोळा थरथरतो. चक्रावरचा क्रम पाळला की हा संघर्ष आपोआप टळतो, कारण विरुद्ध रंग शेजारी येतच नाहीत. वर्तुळाकार रचनेत केंद्राच्या पलीकडे ते समोरासमोर येतात, पण मध्ये अंतर असतं. क्रम मोडायचाच असेल, तर काळी, पांढरी किंवा राखाडी रेघ मध्ये घालावी. आणि एका दृश्यात एकच इंद्रधनुष्य असावं. बटण, पार्श्वभूमी, शीर्षक आणि कड या चारही ठिकाणी तेच रंग आले, तर डोळ्याला कुठे थांबावं ते कळत नाही.

हलणाऱ्या इंद्रधनुष्यासाठी, म्हणजे कीबोर्डखालचे फिरते दिवे, ॲनिमेशन, नाचती अक्षरं यांसाठी, रंगचक्र हे वर्तुळ असणं फार सोयीचं ठरतं. मॅजेंटावरून पुन्हा तांबड्यावर येताना झटका बसत नाही, फेरी अखंड चालते. वेग मात्र सांभाळायला हवा. १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा लखलखाट अतिशय वेगाने दाखवला गेला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. अशा धोक्यामुळे सुलभतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत असं सांगितलेलं आहे, आणि भडक लालाबद्दल वेगळी ताकीद आहे. रंग संथपणे एकमेकांत सरकू द्यावेत. ज्यांनी आपल्या फोनमध्ये किंवा संगणकात हालचाल कमी ठेवण्याची सोय निवडली आहे, त्यांना तेच इंद्रधनुष्य स्थिर दाखवावं.